विमानाचें इंजिन आणि हवेचें माप

गतवर्षीं श्रावणांतील एका सायंकाळीं आम्ही नववीच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांसह कन्हान नदीच्या कांठीं फिरावयास गेलों होतों. नदी भरून चालली होती व आकाश ढगाळ होतें. इतक्यांत ढगांच्या खालून पंख्याचें एक लहानसें विमान सोनेगांवच्या दिशेनें उतरत जातांना दिसलें. त्याच्या इंजिनाचा आवाज अगदीं मंद होता. मध्येंच तो क्षणभर वाढे व पुन्हा मंदावे. एका विद्यार्थ्यानें काळजीच्या स्वरानें विचारलें, "सर, त्याचें पेट्रोल संपत आलें आहे काय?" आम्हीं म्हटलें, "बहुधा नाहीं. पण टांकी भरलेली असतांनाही इंजिन बंद पडूं शकतें. आणि पेट्रोल कमी मिळाल्यानें जसें पडतें, तसेंच जास्त मिळाल्यानेंही पडतें." हें ऐकून दुसरा एक विद्यार्थी हंसला. अन्न जास्त झाल्यानें कोणी उपाशी मरतो काय, असें त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतें. त्या दिवशीं अंधार पडूं लागल्यामुळें तो विषय अपुरा राहिला. तो पुरा करावा म्हणून हा लेख लिहिला आहे.

आज नागपुरास येणारीं मोठीं प्रवासी विमानें ज्या जेट इंजिनांवर चालतात त्यांची रचना निराळी आहे. येथें विषय आहे तो दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या इंजिनाचा. मोटारीच्या इंजिनाप्रमाणें ह्यांत सिलिंडर असतात. दट्ट्या खालीं सरकतांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढतो, वर येतांना तें दाबतो, ठिणगी पडून तें पेटतें, व त्याच्या जोरानें शेवटीं पंखा फिरतो. वैमानिकीचे विद्यार्थी ज्या लहान विमानांवर शिकतात त्यांत आजही बहुधा हेंच इंजिन असतें.

आमच्या जिल्ह्याचा ह्या इंजिनांशीं जुना संबंध आहे. हवाई टपालाचा पहिला सरकारमान्य प्रयोग आपल्याच देशांत, १८ फेब्रुवारी १९११ रोजीं, अलाहाबादेहून नैनीपर्यंत झाला. आंरी पेके नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें सुमारें साडेसहा हजार पत्रें नदीपलीकडे नेलीं. त्या पत्रांवर घेतलेली जादा रक्कम तेथील एका मिशनच्या विद्यार्थी-वसतिगृहास मिळाली, ही गोष्ट आमच्यासारख्या शाळेनें लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें ३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, व तिचें केंद्र नागपूर होतें. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या पुढें सोनेगांवास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि दिवस उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक विमान आपापल्या शहरीं परत पोहोंचे. कन्हान-कामठीकडील वृद्ध मंडळी त्या रात्रीच्या घरघराटाची आठवण अजूनही सांगतात.

हीं विमानें डाकोटा जातीचीं होतीं. प्रत्येकास दोन इंजिनें. प्रत्येक इंजिनांत दोन कड्यांमध्यें मांडलेले १४ सिलिंडर. आणि उड्डाणाच्या वेळीं प्रत्येकाची शक्ति १२०० घोड्यांची. १२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मद्रासकडे निघालेलें टपालाचें डाकोटा सोनेगांवहून उडतां उडतां एक इंजिन निकामी होऊन कोसळलें व १३ माणसें मृत्यु पावलीं. जमीन सोडण्याच्या त्या अर्ध्या मिनिटांत इंजिनाकडून पुरी शक्ति मिळणें म्हणजे काय, हें ह्यावरून कळावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पेट्रोल जळतें असें आपण म्हणतों. परंतु पेट्रोल एकटें कधींच जळत नाहीं. हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होतो, त्यालाच आपण जळणें म्हणतों. घरांतील पंपाच्या स्टोव्हला हवा नीट मिळाली म्हणजे ज्योत निळी येते. ती कमी पडली म्हणजे ज्योत पिवळी होऊन भांड्यास काजळी धरते, व घरांत रॉकेलचा वास सुटतो. रॉकेल तर भरपूर असतें. कमी पडते ती हवा. इंजिनाचेंही तसेंच आहे. १ किलोग्रॅम पेट्रोल पुरें जळण्यास सुमारें १५ किलोग्रॅम हवा लागते. जास्तींत जास्त जोर हवा असेल तर हवा थोडी कमी, म्हणजे १२ ते १३ किलोग्रॅम, ठेवतात. परंतु एका किलोग्रॅम पेट्रोलास हवा ८ किलोग्रॅमच्या आसपास घसरली किंवा १८ च्या बरीच वर गेली, तर ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेट घेत नाहीं. पहिल्या प्रकारास दाट मिश्रण व दुसऱ्यास पातळ मिश्रण म्हणूं. हंसणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तर येथेंच मिळालें असेल: दाट मिश्रणांत इंजिन पेट्रोलानें भरलेलें असतें आणि हवेवांचून गुदमरतें.

हीं सर्व मापें वजनाचीं आहेत, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. हवेस वजन असतें, हें आपण पांचवींत शिकतों व सहावींत विसरतों. समुद्रसपाटीजवळ १ लिटर हवा सुमारें सव्वा ग्रॅम भरते. म्हणून १ लिटर पेट्रोल जाळण्यास जवळजवळ ९००० लिटर हवा खर्ची पडते. डाकोटाच्या एका इंजिनाचे १४ सिलिंडर मिळून सुमारें ३० लिटरचे. दर दोन फेऱ्यांस प्रत्येक सिलिंडर एकदां भरतो. उड्डाणाच्या वेळीं मिनिटास २७०० फेरे होतात. तेव्हां एका मिनिटांत १३५० वेळां ३० लिटर, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक लिटर हवा आंत गेली. साध्या दाबाची हवा धरली तरी ती जवळजवळ ५० किलोग्रॅम होते. गव्हाच्या एका पोत्याच्या वजनाची हवा दर मिनिटास एक इंजिन गिळतें! आणि हवा भरण्याच्या पंपानें ती आणखी दाबून भरलेली असल्यामुळें खरा आंकडा ह्याहूनही मोठा असतो. एवढ्या हवेंत पेट्रोल नेमकें मापून मिसळावयाचें, तें प्रत्येक क्षणीं, आणि तराजूवांचून. बेलशस्सर राजाची गोष्ट विद्यार्थ्यांनीं पवित्र शास्त्राच्या तासाला ऐकली आहे. इंजिनाचा न्यायही तसाच वजनानें होतो.

हें काम करणाऱ्या उपकरणास कार्ब्युरेटर म्हणतात. १९०३ सालीं राइट बंधूंनीं ज्या इंजिनावर उड्डाण केलें त्यांत तो आजच्या अर्थानें नव्हताच. पेट्रोल एका उथळ कप्प्यांत ठिबके, उष्णतेनें त्याची वाफ होई व हवेबरोबर आंत जाई. इंजिनाचा वेग कमीजास्त करण्याचीही सोय नव्हती. नंतरचा कार्ब्युरेटर समजून घ्यावयाचा तर डासांवर औषध उडविण्याचा हातपंप आठवावा. त्यांत डबीमधील औषधास कोणी ढकलीत नाहीं. दांडा दाबला म्हणजे नळीच्या तोंडावरून हवा जोरानें वाहते, तेथील दाब कमी होतो, आणि डबींतील औषध आपोआप नळींतून वर चढून त्याचे तुषार होतात. कार्ब्युरेटरांतही हवेची वाट मध्यें चिंचोळी केलेली असते. भरलेली नदी पुलाच्या खांबांमधून जातांना जशी वेग धरते, तशी हवा त्या गळ्यांत वेगानें धांवते व तिचा दाब उतरतो. त्याच ठिकाणीं पेट्रोलाची बारीक नळी उघडलेली असते. जितकी हवा जास्त, तितकें पेट्रोल जास्त ओढलें जातें. शेजारच्या लहान भांड्यांत पेट्रोलाची पातळी कायम ठेवण्यास एक तरंगी असते. घरावरील पाण्याच्या टांकींत पाणी भरलें म्हणजे नळ बंद करणारा जो पोकळ गोळा असतो, त्याचेंच हें धाकटें भावंड. गळ्याच्या पुढें एक फिरती चकती असते. तिला थ्रॉटल म्हणतात, व ती उघडून-मिटून वैमानिक इंजिनाचा जोर वाढवितो किंवा कमी करतो.

रचना मोठी सुटसुटीत आहे. तिच्यांत दोष एवढाच कीं, ती हवेचा वेग जाणते, वजन पुरतें जाणत नाहीं. जमिनीवरून चालणाऱ्या मोटारीस ह्या दोषाचा फारसा उपद्रव होत नाहीं. परंतु विमान वर जातें. १०,००० फुटांवर तेवढ्याच लिटर हवेचें वजन खालच्या वजनाच्या पाऊण पटीहूनही किंचित् कमी भरतें. गणितानें असें दिसतें कीं, हवेचें वजन ज्या मानानें घटतें त्या मानानें पेट्रोलाचें ओढणें घटत नाहीं. तें त्याच्या वर्गमुळाच्या मानानें घटतें. हवा १०० वरून ७४ वर आली तर पेट्रोल १०० वरून ८६ वरच येतें. अर्थात् मिश्रण शेंकडा १६ नें दाट झालें. आणखी वर जावें तसतसें तें अधिकच दाट होतें. इंजिन खडखडूं लागतें, ठिणगीच्या प्लगांवर काजळी धरते, आणि पेट्रोल फुकट जातें. म्हणून वैमानिकाच्या हाताशीं एक वेगळी दांडी ठेवलेली असते. आजच्या शिकाऊ विमानांत तिची मूठ तांबडी असते. उंची गांठल्यावर ती थोडी मागें ओढून पेट्रोल कमी करावयाचें, आणि खालीं उतरतांना पुन्हा पुढें सारावयाची. उतरतांना हें विसरलें तर उलट अनर्थ होतो: खालची हवा जड, पेट्रोल मात्र वरच्या मापाचें, आणि मिश्रण इतकें पातळ कीं थ्रॉटल उघडतांच इंजिन धाप टाकतें. जमिनीवर आल्यावर इंजिन बंद करतात तेंही ह्याच दांडीनें, पेट्रोल तोडून. कारण सिलिंडरांत उरलेलें मिश्रण, कोणी पंख्यास हात लावला असतां, अवचित पेटून पंखा फिरूं नये.

उंचीचें काम उष्णताही करते, व ह्या बाबतींत नागपूरचें नांव घ्यावेंच लागेल. सोनेगांव समुद्रसपाटीपासून सुमारें १००० फूट. परंतु मे महिन्याच्या दुपारीं पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे तेथील हवा इतकी विरळ होते कीं, धांवपट्टीवर उभें असलेलें विमान इंजिनाच्या दृष्टीनें सुमारें ५००० फुटांवर, म्हणजे चिखलदऱ्याहूनही उंच जागीं, उभें असतें. चिखलदऱ्याची थंड हवा मात्र त्यास मिळत नाहीं. अशा वेळीं विमान उशिरां उडतें व हळू चढतें, ह्यांत इंजिनाचा काय दोष? तरीही पुरी शक्ति घेऊन उडतांना वैमानिक मिश्रण मुद्दाम दाट बाजूस ठेवतो. तेव्हां जास्तीचें पेट्रोल शक्तीसाठीं नसतें. तें वाफ होऊन सिलिंडर थंड ठेवतें. तेथें पेट्रोल पाण्याचें काम करतें म्हणावें.

तरंगीचाही एक दोष युद्धकाळीं उघडा पडला. १९४० सालीं ब्रिटिश लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनांत तरंगीचे कार्ब्युरेटर होते. जर्मनांच्या मेसरश्मिट विमानांत पेट्रोल पिचकारीनें थेट सिलिंडरांत सोडलें जाई. ब्रिटिश वैमानिकानें नाक एकदम खालीं घालून सूर मारला कीं भांड्यांतील पेट्रोल वरच्या अंगास उसळे. इंजिन प्रथम पेट्रोलावांचून व मागाहून पेट्रोलाच्या पुरानें अडखळे. शत्रु तेवढ्यांत निसटून जाई. ह्यावर बिआट्रिस शिलिंग नांवाच्या इंजिनियर बाईंनीं १९४१ सालीं उपाय काढला: मध्यें नेमक्या मापाचें भोंक असलेली धातूची एक लहानशी चकती, जी पेट्रोलाच्या नळींत बसविली असतां पूर येऊं देत नाहीं. ह्या बाई पूर्वीं मोटारसायकलच्या शर्यतींत नांवाजलेल्या होत्या. आमच्या शाळेंतील ज्या मुलींना यंत्रें आपल्यासाठीं नाहींत असें कोणीतरी सांगून ठेवलें आहे, त्यांच्यासाठीं ही हकीकत येथें मुद्दाम दिली आहे.

डाकोटाच्या इंजिनांत तरंगीच नव्हती. तेथें पंपानें दाबाखालीं आलेलें पेट्रोल पातळ पडद्यांच्या कप्प्यांतून मापलें जाई व थ्रॉटलच्या पलीकडे फवारलें जाई. मग वेगानें फिरणारा हवेचा पंखा तें मिश्रण घुसळून चौदाही सिलिंडरांकडे पोहोंचवी. हवेच्या दाबाबरोबर फुगणारी व आकसणारी एक बंद डबी उंचीचा हिशेब आपोआप करी. वैमानिकानें दांडी फक्त 'दाट' किंवा 'पातळ' ह्या खांचेंत बसवावयाची. यंत्रास हवेचें वजन थोडें कळूं लागलें तें असें.

आतां जो शत्रु राहिला तो सर्वांत कपटी, कारण तो आपल्या पावसाळ्यांत लपून बसतो. तो म्हणजे बर्फ. विदर्भांत बर्फाचें नांव काढलें तर लोक रसवंतीची आठवण करतील! परंतु माठांतील पाणी गार कां होतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास पुढील गोष्ट अवघड नाहीं. माठाच्या अंगावरून पाणी वाळतें, म्हणजे त्याची वाफ होते; त्या वाफेला लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यांतून घेतली जाते. उन्हाळ्यांत घरोघरीं लागणारे कूलर ह्याच तत्त्वावर चालतात. पेट्रोल तर पाण्यापेक्षां पुष्कळ लौकर उडतें. कार्ब्युरेटरच्या गळ्यांत त्याचे तुषार होऊन वाफ होते, शिवाय दाब उतरल्यानेंही हवा थंड होते. दोहों मिळून तेथील उष्णतामान २० अंशांनीं किंवा त्याहूनही अधिक खालीं येऊं शकतें. बाहेर २२ अंशांची सुखाची, दमट हवा. आणि कार्ब्युरेटरच्या आंत पाणी गोठण्याची थंडी! हवेंतील बाष्प थ्रॉटलच्या चकतीवर व गळ्याच्या कडांवर बर्फ होऊन बसतें. वाट अरुंद होते, हवा कमी येते, मिश्रण दाट होतें, व इंजिनाचा जोर नकळत ओसरूं लागतो.

येथें एक विपरीत गोष्ट आहे. कडाक्याच्या कोरड्या थंडींत हा धोका कमी असतो, कारण तेव्हां हवेंत बाष्पच थोडें. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यांतही तो थोडा. खरा धोका आषाढ-श्रावणाच्या ढगाळ हवेंत आणि हिवाळ्यांतील धुक्याच्या पहाटे. रात्रीच्या टपालाचें विमान दिल्लीहून सातपुडा ओलांडून पावसाळी ढगांतून येत असे; खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे पाहून बर्फाची शंकाही कोणास आली नसती. थ्रॉटलपलीकडे पेट्रोल फवारणाऱ्या कार्ब्युरेटरास हा धोका बराच कमी, पण ढगांतून जातांना तोही निर्भय नव्हे. म्हणून डाकोटाच्या इंजिनांतही ऊन हवा आंत घेण्याची सोय ठेवलेली होती.

तरंगीच्या कार्ब्युरेटरास हीच सोय प्राणाची असते. धुराड्याच्या तापलेल्या नळीभोंवतीं पत्र्याचें वेष्टण करून तेथील ऊन हवा एका दांडीनें कार्ब्युरेटरांत सोडतां येते. उपाय सोपा, परंतु त्यांत एक फसवणूक आहे. ऊन हवा हलकी, म्हणून ती सोडतांच मिश्रण आणखी दाट होतें. शिवाय वितळलेल्या बर्फाचें पाणी इंजिनांत जातें. त्यामुळें आधींच दुबळें झालेलें इंजिन आणखी कुरकुरूं लागतें, थरथरतें, क्षणभर आतां बंदच पडेल असें वाटतें. नवशिका घाबरून दांडी परत सारतो. इंजिन किंचित् सुधारल्याचा भास होतो. बर्फ मात्र तेथेंच राहून वाढत जातो. थोड्या वेळानें वैमानिक पुन्हा दांडी ओढतो, पण तोंवर इंजिन थांबलेलें असतें, आणि थांबलेल्या इंजिनाची नळी थंड. मग ऊन हवा आणावयाची कोठून? अपघातानंतर पाहणारे कार्ब्युरेटर उघडतात, तेव्हां बर्फ वितळून गेलेला असतो. टांकींत पेट्रोल असतें, यंत्र धडधाकट दिसतें, आणि पुरावा उन्हानें नेलेला असतो. म्हणून शिक्षक विद्यार्थ्यास पहिल्याच दिवसांत बजावतो कीं, दांडी ओढावयाची ती पुरी ओढावी, आणि इंजिन कितीही कुरकुरलें तरी तें साफ होईपर्यंत ती सोडूं नये.

अलीकडील पुष्कळ लहान विमानांत पेट्रोल प्रत्येक सिलिंडरच्या दाराशीं स्वतंत्र नळीनें फवारतात. चिंचोळ्या गळ्यांत त्याची वाफ होतच नाहीं, त्यामुळें हा बर्फही बहुतांशीं टळतो. पुष्कळ शाळांतून शिकविण्याकरितां वापरलें जाणारें सेस्ना १५२ मात्र जुन्या तरंगीचेंच आहे, व त्याच्या थ्रॉटलजवळ ऊन हवेची दांडी आहे.

आतां त्या श्रावणांतील सायंकाळच्या विमानाविषयीं. उतरतांना वैमानिक थ्रॉटल जवळजवळ मिटून घेतो. अर्धवट मिटलेल्या त्या फटींतून हवा अधिकच वेगानें जाते, अधिकच गार होते, आणि बर्फ धरण्यास चकतीवर उत्तम जागा मिळते. दमट हवेंत ३० अंशांवरही तो धरूं शकतो. म्हणून थ्रॉटल मिटण्याआधींच ऊन हवेची दांडी ओढतात. पण मंद चालणाऱ्या इंजिनाची धुराड्याची नळी हळूहळू निवते, व ऊन हवाही ऊन राहत नाहीं. तेव्हां उतरतां उतरतां दर थोड्या वेळानें थ्रॉटल क्षणभर उघडून नळी तापवावी लागते, आणि इंजिन हांकेस ओ देतें कीं नाहीं हेंही कळतें. नदीवर आम्हांस मध्येंच वाढलेला व पुन्हा मंदावलेला जो आवाज ऐकूं आला, तो बहुधा ह्याचाच होता.